पाहणे घटकाभराचे, बोलणे दिवसभराचे



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन झाले. आरती झाली, प्रसाद वाटला गेला आणि विणेकऱ्याच्या पाया पडून मंडळी पांगू लागली. इतक्यात एक गृहस्थ पुढे आले नि म्हणाले, "महाराज, घरोघर टीव्हीवर मालिका चालतात. दुसऱ्या दिवशी पारावर, एस.टी.त, जिथं बघावं तिथं तीच चर्चा. तर वारकऱ्यानं मालिका पाहाव्यात की पाहू नयेत? तुमचं मत सांगा."

खरे सांगावयाचे तर या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षे पाठ होते. कीर्तनात हात वर करून त्या डब्याची निंदा आम्ही किती वेळा केली असेल, याची गणती नाही. टाळ्याही भरपूर मिळाल्या. मात्र टाळ्या वाजविणारी मंडळी आम्ही मुक्कामी पोचण्याच्या आधी घरी पोचून डबा लावीत असत! उपदेश असा वाऱ्यावर गेला की दोष ऐकणाऱ्याचा म्हणून सांगणारा मोकळा होतो. आम्हीही तसेच मोकळे झालो होतो. पुढे अनुभवाने आमचे पाठांतर मोडले. ते कसे, हे आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

१९८७ साली जानेवारीच्या २५ तारखेस रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती लागे. आम्ही त्या वेळी पंचविशीत होतो. पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलेले, अंगात व्याकरणाचा ताठा. गावात एकाच घरी संच होता आणि त्या घराच्या ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसे दाटत. संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. देशभर गावोगाव असेच चालले होते. आम्ही बाहेर उभे राहून हसलो आणि म्हणालो, "काचेची पूजा चालली आहे!" शेजारी एक वृद्ध वारकरी वहाणा काढून, हात जोडून उभे होते. ते आमच्याकडे न पाहताच म्हणाले, "बाळ, पंढरीत तरी काय आहे? पाषाणच ना?" सज्जनहो, आमचे सारे व्याकरण तेथेच थांबले.

पुढे २०२० साली टाळेबंदी आली. २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच रामायण पुन्हा दाखविले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. ३० जूनला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, १ जुलैला आषाढी एकादशी होती आणि आम्ही घरात त्याच डब्यापुढे बसलो होतो. पडद्यावर पादुका दिसल्या तेव्हा डोळ्यांना धारा लागल्या. नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही तर ह्याला वाईट म्हणता ना?" आम्ही काय उत्तर देणार!

म्हणून आता आम्ही डब्याला वाईट म्हणत नाही. मग सारे चांगलेच, असे म्हणावे काय? तसेही नाही. याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळी झालेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिलाच अध्याय पाहा. देवांनी ब्रह्मदेवाकडे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असे काही मागितले. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य घेतले, सामवेदातून गीत घेतले, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेतला आणि नाट्यवेद निर्माण केला. पहिला प्रयोग झाला. त्यात दैत्यांचा पराभव दाखविला होता. दैत्य चिडले आणि प्रयोग बंद पाडू लागले. म्हणजे खेळ जन्मला त्याच दिवशी खेळाविषयीचे भांडणही जन्मले! तेव्हा ब्रह्मदेवाने दैत्यांची समजूत घातली की, हे कोणा एकाच्या बाजूचे नव्हे, तिन्ही लोकांतल्या भावांचे हे अनुकीर्तन आहे. शब्द पाहा, अनुकीर्तन! त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पाहणाऱ्याचीही लक्षणे दिली आहेत. तरुणाला एक रुचते, शूराला दुसरे, वृद्धाला धर्माख्यान रुचते. परंतु दुसऱ्याच्या सुखाने जो सुखी होतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने जो दुःखी होतो, तो खरा प्रेक्षक. परीक्षा नटाची असते तशी पाहणाऱ्याचीही असते, हे आपण विसरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वेदान्तात श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आम्ही म्हणतो, मालिकेलाही त्याच तीन पायऱ्या आहेत. एक भाग अर्ध्या तासाचा, त्यातून जाहिराती वजा करा. उरले ते श्रवण. मग दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना, खुरपताना, चहाच्या टपरीवर, 'त्या बाईनं असं करायला नको होतं', 'त्याला चांगली अद्दल घडली पाहिजे', हे जे चालते ते मनन. आणि मननाने जे मनात रुजते, तसेच आपण घरात वागू लागतो. ते निदिध्यासन! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हीच उतरंड दाखविली आहे. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि शेवटी बुद्धीचा नाश. उतरंडीचे पहिले मडके चिंतनाचे आहे, पाहण्याचे नव्हे. पाहिलेले विसरले तर बाधत नाही. घोळविलेले बाधते, आणि तारतेही. माउली नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी धन मागत नाहीत, मान मागत नाहीत, अवधान मागतात. आजचा सारा बाजार आपल्यापाशी तेच मागत आहे.

आणि पुरुष मंडळींनी येथे बायकांकडे पाहून हसू नये. बातम्यांच्या वाहिन्यांवर रात्री जी भांडणे चालतात, ती पुरुषांची मालिकाच होय. तिला तर शेवटचा भागही नाही!

आता आमची स्वतःची फजिती सांगतो. २०१६ सालची वारी. त्या दिवसांत कलर्स मराठी वाहिनीवर तुकोबांच्या जीवनावरील 'तू माझा सांगाती' ही मालिका चालू होती. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी आलेली. राहुट्या पडल्या, चुली पेटल्या. चुलीपाशी चारपाच बाया बसून मालिकेतल्या आवलीविषयी बोलत होत्या. कोणी म्हणे बिचारीचे हाल, कोणी म्हणे तोंडाची फार फटकळ. आमच्या कानावर ते पडले आणि राग आला. वारीत येऊन हरिनामाऐवजी मालिका! त्या रात्रीच्या कीर्तनात आम्ही त्यांना नाव न घेता फैलावर घेतले. वर जिजाईच्या तोंडाळपणाची नक्कल केली. ती नक्कल आमची हातखंडा होती. मंडप हसून लोटपोट झाला.

पहाटे त्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई आमच्या राहुटीशी आल्या. पाया पडल्या आणि म्हणाल्या, "महाराज, एक इचारू का? राग नका धरू."

"विचारा, माउली."

"आमचं मालक तीस वर्सं वारीला यायचं. म्या घरीच ऱ्हायची. म्हशीला पानी कुनी दावायचं? पोरास्नी कुनी जेवू घालायचं? लोक मालकाच्या पाया पडायचं आन् मला म्हनायचं, तू काय, कवा पंढरी बगितली न्हाईस. मालक गेलं, तवापास्नं त्यांचा टाळ घिऊन म्या येतीया. इतकी कीर्तनं ऐकली. समद्या महाराजांनी आवलीला हसवायपुरतं आनलं. त्या शीरियलीत पयल्यांदा कुनीतरी तिची चूल दावली. लई रडले बगा. शीरियल खोटी आसंल. पन तिची भूक खोटी व्हती का?"

सज्जनहो, आम्ही निरुत्तर झालो. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई दुष्काळात अन्नावाचून गेली, हे चरित्र आम्हीच कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून सांगत होतो. ज्या घरात एक बाई भुकेने गेली, त्याच घरात दुसरी चूल सांभाळीत होती. तिने पोरांच्या पोटासाठी आवाज चढविला तर तो फटकळपणा की आईपणा? चाळीस वर्षे ग्रंथ वाचून आम्हांस जे सुचले नाही, ते त्या अक्षरशत्रू बाईला मालिका पाहून सुचले. भरतमुनींनी ज्याला खरा प्रेक्षक म्हटले, ती तीच. आम्ही ज्याला टवाळकी समजलो ते तिचे मनन होते; आणि आम्ही ज्याला कीर्तन समजलो ती टवाळकी होती. त्या दिवसापासून ती नक्कल आम्ही सोडली. आता जिजाईचे नाव आले की आम्ही आधी मनात हात जोडतो.

परंतु याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. स्टार प्रवाह वाहिनीवर 'आई कुठे काय करते!' ही मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२४ च्या नोव्हेंबरात संपली. संसारात राबलेली अरुंधती, तिचा नवरा अनिरुद्ध आणि त्याच्या आयुष्यात आलेली संजना अशी ती कथा. घराघरांत तिच्यावरून पक्ष पडले होते. एका गावी एकटी राहून नोकरी करणारी एक सालस मुलगी रोज हरिपाठाला येत असे. शेजारच्या बायांनी काही कारण नसता तिला पाठीमागे 'संजना' म्हणायला आरंभ केला. पाठीमागचे पुढे यायला किती वेळ लागतो? तिच्या कानावर गेले. ती हरिपाठाला यावयाची बंद झाली. आम्ही विचारले तेव्हा कोणी म्हणाले, "महाराज, गंमत हो, मालिकेवरून आपलं." एका नामधारकाचे नाम तुटले आणि म्हणे गंमत! मालिकेतली संजना ही नटी आहे. चित्रीकरण संपले की ती रंग पुसून घरी जाते. पण तुम्ही जिला ते नाव चिकटविले, तिने कोणता रंग पुसावा?

तर बोलावे, पण कसे बोलावे? आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे.

पहिली गोष्ट. मालिकेतल्या माणसाविषयी बोलताना बोट शेजारणीकडे वळू देऊ नका, स्वतःकडे वळवा. 'ती सासू कशी वागली' असे म्हटल्यावर लागलीच 'मी कशी वागते' असे विचारावे. पहिले वाक्य निंदा होते, दुसरे जोडले की तेच चिंतन होते. घरात सासूसुनेचे बोलणे तुटलेले असेल आणि त्या अर्ध्या तासात दोघी एका सतरंजीवर बसत असतील, तर आम्ही त्या मालिकेला नावे ठेवणार नाही. मात्र मालिका संपल्यावर एकमेकींशीही दोन शब्द बोला.

दुसरी गोष्ट. संतांच्या आणि देवांच्या मालिका पाहाव्यात, पण त्यांना चरित्र समजू नये. वर्षानुवर्षे रोज एक भाग दाखवावयाचा म्हणजे ग्रंथात नसलेले प्रसंग भरावेच लागतात. त्यात काही पाप नाही, आम्ही कीर्तनकारही दृष्टांत रंगवितोच. परंतु पोराने विचारले, "असं खरंच झालं होतं का?" तर 'टीव्हीत दाखवलं ना' हे उत्तर देऊ नका. गाथा उघडा, ज्ञानेश्वरी उघडा आणि त्याच्यासमवेत शोधा. मालिकेने पोराच्या हाती ग्रंथ आला, तर ती मालिका कारणी लागली.

तिसरी गोष्ट वेळेची. हरिपाठाला अर्धा तास पुरतो. पूर्वी म्हणत, भाग चुकेल. आता तोच भाग मोबाइलवर केव्हाही पाहता येतो. मालिका थांबावयास तयार आहे. आयुष्य थांबत नाही. तेव्हा आधी हरिपाठ, मग मालिका.

शेवटी आमच्याच घरातली गोष्ट. २०२५ साली सोनी मराठी वाहिनीवर कीर्तनकारांचीही स्पर्धा झाली. 'कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार' हे तिचे नाव. ठिकठिकाणची गुणी मुले-मुली त्यात उभी राहिली, याचा आम्हांस आनंद झाला. परंतु त्यानंतर एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. कीर्तन उठल्यावर मंडळी पूर्वी 'काय घेतले' ते बोलत, आता 'कसे झाले' ते बोलतात. आवाज बरा होता, विनोद कमी पडला, पखवाज छान वाजला! जणू आम्ही मालिकाच आहोत आणि आपण गुण देणारे परीक्षक. दोष आपला एकट्याचा नाही. सासवडला आम्हीही मंडप हसविण्यासाठीच उभे होतो.

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, "बाबा, मालिका पाहा अगर पाहू नका. उद्या सकाळी पारावर बोलाल तेव्हा तुमच्या बोलण्याने कोणाचे अश्रू पुसले की कोणाचे अश्रू वाढले, एवढे पाहा. आणि आजच्या कीर्तनाविषयी बोललात, तर आमच्या आवाजाविषयी बोलू नका. काय घेतले तेवढे सांगा."

ते हसले आणि म्हणाले, "घेतलं महाराज. त्या मुलीच्या घरी उद्या माणसं घेऊन जातो, हरिपाठाला बोलावतो." गाव तेच होते, हे आम्ही आपणांस सांगावयाचे राहिलेच होते.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!