गुंजेचा हिशेब

सज्जनहो, माघ वद्य तृतीयेला संत नरहरी सोनारांची पुण्यतिथी येते. त्या दिवशीच्या कीर्तनात करगोट्याची कथा सांगितल्यावाचून श्रोते आम्हांस सोडीत नाहीत. सावकाराने पांडुरंगाच्या कमरेचे माप आणून दिले. नरहरीरायांचा हट्ट असा की, शिवावाचून दुसरा देव पाहावयाचा नाही. करगोटा मापाबरहुकूम घडला, पण देवाला लांब झाला. कमी केला, तो आखूड झाला. शेवटी डोळ्यांस पट्टी बांधून का होईना, त्यांना राउळात येऊन देवाला हात लावावा लागला, आणि हरिहरांचा भेद तिथेच गळाला. परमार्थ तर हा खराच. पण यात प्रपंचाचाही एक धडा आहे. वस्तू न पाहता केलेला हिशेब पुन्हा मोडावा लागतो.

आम्हांलाच हा धडा उशिरा कळला. घरातल्या नथीची तार तुटली. गावातल्या लहानशा दुकानी नेऊन आम्ही म्हणालो, “दोन मिनिटांचं तर काम, चहापाण्याचं काय ते सांगा.” सोनार हसला. म्हणाला, “महाराज, आधी मोती उतरवायचे, त्यांना विस्तव सोसत नाही. तार जुनी, झिजलेली. झाळताना एक फुंकर जास्त झाली तर सांध्याबरोबर तारही वितळेल; मग भरून द्यायची ती मीच. नंतर उजाळा द्यायचा, मोती पुन्हा ओवायचे. नवं घडवणं सोपं. त्यात सोनं माझ्या ओळखीचं असतं. मजुरी मागितली की गिऱ्हाईक रागावतं. म्हणून काहीजण मागतच नाहीत. मग कुठून घेतात, ते तुम्हीच ओळखा.”

आम्ही खाली मान घातली. तोळ्याच्या ९६ गुंजा. एक गुंज म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमलाही किंचित कमी. डोळ्यांस दिसेल न दिसेल इतकी. पण आजच्या भावाने तिचे शेकडो रुपये होतात. उघड मजुरीचे पन्नास रुपये वाचवले म्हणून आपण खूश, आणि घटीच्या नावाखाली गुंज गेली त्याचा पत्ता नाही! चोरी करणाऱ्याचे पाप आहेच. पण कष्टाचे दाम नाकारून त्याला त्या वाटेला लावणारे आपण, मोकळे कसे?

कौटिल्याने दोन्ही बाजू पाहिल्या. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोने चोरण्याचे पाच मार्ग त्याने सांगितले. पण चौथ्या अधिकरणात सोनाराचे वेतनही ठरवून दिले, आणि कौशल्य विशेष असेल तर ते दुपटीपर्यंत वाढवावे असे म्हटले. चोराला दंड, तसा कसबाला मान. मनूनेही सर्व शौचांत अर्थशौच श्रेष्ठ मानले. माती-पाण्याने हात धुतले आणि तराजू मळका ठेवला, तर ते कसले सोवळे?

कोणी म्हणेल, “कीर्तनाचं मोल करू नये म्हणता, मग सोनाराने का करावं?” बाबांनो, हरिनाम ही विकावयाची वस्तू नव्हे. सांधा झाळणे हा त्याचा प्रपंच. त्यावर त्याची लेकरे जेवतात.

तेव्हा सोनारबंधूंनी एवढे करावे. डाग हाती घेऊन पाहावा, गिऱ्हाइकासमोर तोलावा, मजुरी आधी सांगावी. काम केवढेही लहान असो, शेगडी पेटवावी लागतेच; तेव्हा कमीत कमी मजुरी ठरलेली असावी. जोखीम असेल ती आधीच बोलावी. सोने घातले तर त्याचा हिशेब वेगळा द्यावा, आणि काम झाल्यावर डाग पुन्हा तोलून दाखवावा. गरीब मायबहिणीचे मंगळसूत्र आले, मजुरी सोडावीशी वाटली, तर खुशाल सोडावी; पण उघड सोडावी. लपवून घेणे जसे वाईट, तसे एकाला सोडून दुसऱ्याकडून गुपचूप काढणेही वाईटच.

आणि आपण? आपण काम पाहावे, मग दाम विचारावा. योग्य दिसला तर घासाघीस न करता द्यावा. आम्ही त्या दिवशी सांगितलेली मजुरी दिली. नथ घरी आली, आणि सांधा कुठे होता तो आजही सापडत नाही. पुढच्या माघात करगोट्याची कथा सांगताना आम्ही आमची फजितीही सांगणार आहो.

रामकृष्णहरी!