तिरकी पडवी

सरळपणाची व्याख्या वेदान्त्यांनी केव्हाच करून ठेवली असेल. मी पडलो कॉमर्सचा. आमचा सरळपणाशी संबंध सरळव्याजापुरता. पण माझा भाचा अमेरिकेत, ओहायोत राहतो आणि त्याच्याकडे मोटारीमागे जोडून रानात न्यायचं एक चाकांवरचं घर होतं. त्याला तिकडे ट्रेलर म्हणतात. आता घर म्हटलं की पडवी आली; म्हणून दाराच्या अंगाला कापडी छत. त्याची एक कड घराच्या खोबणीत ओवलेली, दुसरी लांब नळीवर. नळी फिरली की पडवी गुंडाळली जाते.

ही पडवी तिरकी झाली होती. गंमत अशी, की उघडी असताना कुणाच्या बापाला कळलं नसतं. मिटायला घेतली की पहिल्या वेढ्याला कापड केसभर सरकायचं, दुसऱ्याला आणखी थोडं, आणि शेवटी एका टोकाला धोतराच्या सोग्यासारखं लोंबायचं. (काही संसारांचंही असंच असतं, पण ते जाऊ द्या.)

ट्रेलर विकायचा होता. रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. भाचा म्हणाला, "मामा, छत उघडंच ठेवतो. विचारलं तर सांगेन."

आता तुम्ही म्हणाल, यात खोटं काय? एक शब्दही नाही. बँकेत मी हेच पाहतो. कर्जदाराने दाखवलेला प्रत्येक कागद खरा असतो. बँक बुडते ती न दाखवलेल्या कागदावर. पण भाच्याचं म्हणणंही अगदीच लंगडं नव्हतं. जुनी वस्तू घेणाऱ्याने हात लावून बघायला नको? शिवाय त्या छताचा एक दांडा मुद्दामच खाली ठेवतात, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझं. चार बादल्या साचल्या तर कापडाचं काय होईल? म्हणजे तिरकेपणा हा काही गुन्हा नाही. फक्त ती उतरण सगळ्यांना दिसते. ही दुसरी मात्र नव्या मालकाला कळणार रानात, रात्री, पावसात, बायको "लवकर मिटा" म्हणत असताना. त्या माणसाचा चेहरा काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी आम्ही शिडी लावली. खोबणीच्या टोकाला कापड अडवणारा स्क्रू पडून गेला होता, बस्स. कापड ओढून जागेवर आणलं, दोन्ही टोकांना स्क्रू मारले. पडवी मुकाट मिटली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याने छताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फ्रिज उघडून हुंगला. भाच्याने मात्र न विचारता दोनदा पडवी मिटून दाखवली.