मोरपिसाला रंग कोणी दिला?

१९२६ साली बडोद्याहून 'तत्त्वसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ प्रथमच छापला गेला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने चालणाऱ्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो काढला आणि एम्बार कृष्णमाचार्यांनी संपादला. मूळ ग्रंथ आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित यांचा, आणि त्यावरची 'पंजिका' त्यांचे शिष्य कमलशील यांची. बौद्ध भिक्षूंचे हे लेखन जैन ग्रंथभांडारांनी शतकानुशतके जपले आणि एका हिंदू राजाच्या खर्चाने ते जगापुढे आले. साडेतीन हजारांहून अधिक कारिकांच्या या ग्रंथात एकेक मत परीक्षेला घेतले आहे, आणि त्यातले एक छोटेसे प्रकरण स्वभाववाद्यांवर आहे. स्वभाववादी विचारतो की काट्याला अणकुची कोणी आणली, कमळाच्या केसरांतले वैचित्र्य कोणी घडवले, मोराच्या पिसावरचा डोळा कोणी रंगवला? त्याचे उत्तर असे की कोणीही नाही. वस्तू अशाच असतात, त्यांना कारण नसते. हा प्रश्न आज प्रकाशविज्ञानाच्या हातात आहे. पदार्थात शिरल्यावर प्रकाशाचे काय होते याविषयी आपल्याला जे कळले आहे, ते स्वभाववादाच्या या जुन्या खटल्यात पुरावा म्हणून वाचता येते, आणि तसे ते वाचायला हवे असे मला वाटते.

शांतरक्षितांचे उत्तर थोडक्यात असे: कमळाला कारण नाही हे म्हणणे प्रत्यक्षाच्याच विरुद्ध आहे. बी, चिखल, पाणी असेल तर कमळ उगवते, नसेल तर उगवत नाही. हे असता ते असणे आणि हे नसता ते नसणे, म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक, हीच कारणाची खूण. विशेष म्हणजे याच ग्रंथात थोडे आधी ईश्वरकर्तृत्वाचीही परीक्षा आहे, आणि तेही मत शांतरक्षित नाकारतात. आपल्याकडे 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणतात. दुसरा कोणी त्याच नारळाकडे बोट दाखवून 'हा निसर्गच आहे' म्हणतो. एक आस्तिक, दुसरा नास्तिक, म्हणून आपण त्यांना परस्परांचे विरोधी मानतो. परंतु चौकशी कुठे थांबवायची याबाबत दोघांचे एकमत आहे. पाणी नारळात कसे येते हा प्रश्न दोघांनीही सोडून दिलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तूचा गुण तिच्या पोटात दडलेला नसतो आणि बाहेरून कोणी चिकटवलेलाही नसतो. तो संबंधांतून उभा राहतो. प्रकाश आणि पदार्थ यांच्या व्यवहाराइतके याचे स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मोरपिसापासूनच सुरुवात करू. निळे पीस कुटून बारीक केले तर निळी भुकटी मिळत नाही, तपकिरी मिळते. निळे रंगद्रव्य त्यात नसतेच. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवले होते की पीस पाण्याने भिजवले की त्याचे रंग नाहीसे होतात. याचा उलगडा अलीकडे, २००३ साली, चिनी शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केला. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या काड्या केराटिनने जोडून जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या पोकळीत हवा असते. निळ्या भागात या काड्यांमधले अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्या भागात १५०, पिवळ्या भागात १६५. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. ज्या तरंगांची पावले एकमेकांशी जुळतात ते बळावतात, बाकीचे एकमेकांना खोडतात. अंतर किंचित वाढले की रंग बदलतो. पाणी शिरले की हवेच्या जागी १.३३ अपवर्तनांकाचे माध्यम येते, हिशेब बिघडतो आणि रंग जातो. शांतरक्षितांनी मागितलेला अन्वय-व्यतिरेक तो हाच: जाळी आणि हवा असता निळा, नसता तपकिरी. ही जाळी मुळात का आली, या प्रश्नालाही डार्विन यांनी १८७१ मध्ये उत्तर दिले आहे: लांडोरींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड. म्हणजे स्वभाववाद्याने जे उदाहरण बिनतोड समजून पुढे केले, त्याच्यामागे कारणांची रांगच निघाली. आणि त्या रांगेत प्रकाश, केराटिन, हवा, पाहणारी लांडोर या सगळ्यांचा वाटा आहे. निळेपणाचा मालक एकटे पीस नाही.

दुसरे उदाहरण न्यायसूत्रांतले. तिसऱ्या अध्यायात असा वाद आहे की काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आडची वस्तू दिसते, भिंतीआडची का दिसत नाही? डोळ्यातून तेज बाहेर पडते ही नैयायिकांची कल्पना आज टिकत नाही, पण त्यांनी धरलेला प्रश्न अचूक होता. प्रतिपक्षी विचारतो की काच ते तेज अडवत नाही आणि भिंत अडवते असे असेल, तर भिंतीने काचेसारखे आणि काचेने भिंतीसारखे का वागू नये? उत्तर मिळते की आरसा आणि पाणी यांचा निर्मळपणा हा त्यांचा स्वभाव आहे, आणि जे पाहिले व अनुमानाने ठरले, त्याला 'असे हो' किंवा 'असे होऊ नकोस' अशी आज्ञा करता येत नाही. यातला दुसरा भाग विज्ञानाच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे. पहिला मात्र अपुरा पडला. काचेतील इलेक्ट्रॉनांना उसळी घ्यायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी दृश्य प्रकाशाजवळ नसते, म्हणून तो पार जातो. अतिनील किरणांजवळ ती असते, म्हणून खिडकीची काच त्यांतला बराच भाग अडवते. सिलिकॉन आपल्या डोळ्यांना अपारदर्शक, पण सुमारे १.१ मायक्रोमीटरपेक्षा लांब अवरक्त तरंगांना ते वाट देते. विटांची भिंत प्रकाश रोखते आणि रेडिओतरंग जाऊ देते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा विद्युत्‌चुंबकीय तरंगांनी वाजवून दाखवली. प्रतिपक्ष्याने हास्यास्पद म्हणून मांडलेली आपत्ती खरी ठरली. भिंतही काचेसारखी वागते, काचही भिंतीसारखी वागते; फक्त कोणत्या तरंगासाठी ते सांगावे लागते. पारदर्शकता एकट्या काचेची नाही आणि एकट्या प्रकाशाचीही नाही.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. तुम्ही स्वभाव खाली ढकललात, काढून टाकला नाहीत, असे कोणी म्हणेल. इलेक्ट्रॉनाचा विद्युत्‌भार एवढाच का, मॅक्सवेल यांची समीकरणे अशीच का, याला शेवटी 'आहेत अशी' हेच उत्तर नाही का? आजच्या घडीला बऱ्याच अंशी होय. पण दोन गोष्टी बदलल्या. स्वभाववाद्याकडे जितक्या वस्तू तितके स्वभाव होते; मोराविषयीच्या त्याच्या उत्तराने काचेविषयी काही कळत नव्हते. आता पीस, काच आणि भिंत एकाच नियमांनी समजतात. दुसरे असे की हे उत्तर चुकीचे ठरू शकते. जाळीचे अंतर मोजले आणि रंग जुळला नाही, तर सिद्धांत सोडावा लागेल. 'स्वभाव' हे उत्तर कधी चुकतच नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. कोणत्याही रंगाच्या पिसाला ते सारखेच लागू पडते. 'देवाची करणी' हे उत्तरही त्याच कारणाने काही सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा की सगळेच संबंधावर सोपवले, तर ठाम काही उरत नाही. ज्याची त्याची दृष्टी खरी, असे होईल. पुरावा याच्या उलट आहे. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरवरून सव्वादोन लाखांवर येतो आणि तरंगलांबी त्याच प्रमाणात आखडते, पण वारंवारता तीच राहते. काय बदलते, किती बदलते आणि काय अढळ राहते हे आधी सांगता येते, आणि ते कोणाच्याही प्रयोगात तसेच निघते. संबंध म्हणजे मनमानी नव्हे. मनमानी खरी स्वभाववादातच आहे, कारण जिथे कारणच नाही तिथे आज निळे असलेले पीस उद्याही निळे का राहावे, याला त्याच्याकडे उत्तर नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेतो. उदयनाचार्यांसारखा नैयायिक म्हणेल की ईश्वर हे निमित्तकारण आहे. बी, चिखल, जाळी, तरंग ही कारणे तो नाकारत नाही, ती चालवतो. हे मत पीस मोजून खोडता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण मग त्याची किंमतही मान्य करावी लागेल. जो ईश्वर प्रत्येक कारणामागे सारखाच उभा आहे, तो अमुक पीस निळे आणि अमुक पिवळे का, याचे उत्तर होऊ शकत नाही. तो फरक १४० आणि १६५ नॅनोमीटर यांतले अंतरच करते. मुळात काही का आहे, माणसाने कसे जगावे, दुःखाचे काय करावे, हे श्रद्धेचे प्रश्न आहेत, आणि ते मोठे आहेत. तिथून तिला कोणी हाकललेले नाही. मात्र न कळलेल्या भौतिक कारणाच्या जागी देवाला बसवणाऱ्याने देवाची स्थापना अज्ञानावर केलेली असते, आणि अज्ञान जसजसे हटेल तसतशी ती जागा आक्रसत जाते. भक्ताला हे परवडणारे नाही.

म्हणूनच शांतरक्षितांचे नाव आज घ्यावेसे वाटते. ते आठव्या शतकातले भिक्षू होते. प्रकाशाचे तरंग त्यांना ठाऊक नव्हते आणि मोरपिसाचे खरे कारण त्यांना सांगता आले नाही. तरीही कारण असलेच पाहिजे आणि ते अन्वय-व्यतिरेकाने शोधले पाहिजे, हा आग्रह त्यांनी धर्माच्या विरोधात जाऊन धरला नव्हता, प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उपजते, या आपल्या धर्माच्या गाभ्यातूनच धरला होता. चिकित्सा हा परदेशातून आलेला, श्रद्धेला न मानवणारा पाहुणा आहे, ही आपल्याकडची सोयीची समजूत या एका ग्रंथापुढे टिकत नाही. आपल्या शाळांत आणि घरांत मुलाने 'हे असे का' विचारले की 'असतेच तसे' किंवा 'देवाने केले' म्हणून त्याला गप्प करण्याची सवय अजून गेलेली नाही. ही दोन्ही उत्तरे बाराशे वर्षांपूर्वी याच भूमीवर तपासून नाकारली गेली आहेत आणि शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात छापून सर्वांसाठी खुली झाली आहेत. परंपरेचा मान राखायचा असेल, तर त्या मुलाला कारण शोधायला बसवणे हाच तिचा मान आहे.