काडी हातात असेपर्यंत

शिमग्याचे दिवस होते. मी तेव्हा सातवीत. आमचं गाव चिपळूणच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. आमच्या राबाचा बांध संपला की लगेच डोंगराचं गवत सुरू होतं. शेण, कवळ, पातेरा यांचे थर देऊन आबांनी राब रचून ठेवला होता. सकाळी कामावर जाताना ते मला बजावून गेले, "सांजच्याला वारा पडला की मी येतो, मग भाजू. तोवर काडी लावायची नाय."

पण संध्याकाळी सहाणेवर पालखी नाचायची होती. भाजावळीपायी ती चुकली असती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! भर दुपारी मी काडी ओढली.

राब तसा धुमसतच जळतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं नीट चाललं. मग खालच्या अंगानं वाऱ्याची एक झुळूक आली, पातेऱ्यातलं एक पेटतं पान उचललं गेलं आणि बांधापलीकडे जाऊन पडलं. मी टहाळा घेऊन धावलो. पाच-सात पावलांचंच अंतर, पण मी पोचलो तोवर आग माझ्या डोक्याच्या वर चढली होती.

असं का होतं, हे मला पुढं खूप वर्षांनी समजलं. पावसाळ्यात कंबरभर वाढलेलं गवत माघ-फाल्गुनात वाळून कोळ झालेलं असतं. जाड लाकडाला पेटायला वेळ लागतो, गवताच्या काडीला लागत नाही. त्यात चढ. सपाटीवर ज्वाळा वर जाते आणि गवत बाजूला राहतं. चढावर मात्र वरचं गवत ज्वाळेच्या तोंडाशीच असतं, पेटण्याआधीच तापून तयार होतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. दुपारच्या उन्हात वाराही दरीतून वरच वाहतो. आणि आग मोठी झाली की तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी चहूकडून नवी हवा ओढली जाते. म्हणजे वणवा आपला वारा आपणच तयार करतो. आबांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. "वारा पडला की" एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं.

सगळी वाडी धावली. पालखीसाठी धुतलेले कपडे घातलेली माणसं टहाळे घेऊन डोंगराला भिडली. पाणी कुठून आणणार? वहाळ कधीच आटलेला. आगीच्या समोर उभं राहता येत नाही, धग उभी राहूच देत नाही. बाजूनं झोडपत झोडपत पुढं सरकायचं. एक बाजू विझली म्हणून पाठ फिरवावी, तर शेणाचा वाळका पो आतून धुमसत असतो, तो पुन्हा पेट घेतो. जळता ओंडका गडगडत खाली येतो आणि विझलेल्या पट्ट्याच्या खालीच नवी आग लावतो. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहक वणव्यात सापडले, वीसहून अधिक जीव गेले. ती बातमी वाचताना मला आमच्या वाडीतली माणसं त्या चढावर उभी दिसली. त्यांचंही तसंच झालं असतं, आणि झालं नाही यात माझी पुण्याई काहीच नव्हती.

आग रात्री कड्याशी जाऊन थांबली. डोंगर काळा झाला होता. मधल्या टेपावर शेजारच्या काकींची काजूची चाळीस कलमं होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती लावली होती, दोन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहून जगवली होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

आग कुणी लावली, याची रात्री चर्चा झाली. वणवा आपला पुरावा आपणच जाळतो. आमचा राबही डोंगराबरोबर जळून गेलेला. कुणीतरी म्हणालं, धनगरवाड्यावरचा पोरगा म्हशी घेऊन तिकडं होता, विडी ओढतो. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून चार माणसांनी मारलं. मी तिथं होतो. मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षापासून त्यांच्या म्हशी आमच्या डोंगराला आल्या नाहीत.

मनाशी मी खूप वर्षं वकिली केली. मला डोंगर थोडाच जाळायचा होता? मी फक्त राब पेटवला. बाकीचं वाऱ्यानं केलं, चढानं केलं, गवतानं केलं. हे खरंच आहे. एवढीशी काडी आणि एवढी मोठी राख, यांचा हिशेब एका पोराच्या नावावर कसा मांडायचा?

पण आता वाटतं, हाच हिशेब उलटा मांडायला हवा. एकदा सुटलेली आग माणसाच्या हाती राहत नाही, म्हणूनच सगळी जबाबदारी ती सुटायच्या आधीची आहे. काडी हातात असेपर्यंतच ती माझी असते. पुढं ती वाऱ्याची होते, आणि वाऱ्याला जाब विचारता येत नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा ठरवलेलं आहे, पण कायदा येतो तो राख झाल्यावर. वणव्याशी खरी झुंज पौषात द्यायची असते, जाळरेषा काढताना. नाहीतर दुपारी, काडी ओढायची की थांबायचं हे ठरवताना. आणि गप्प राहण्याचंही तसंच आहे. पहिल्या रात्री एक वाक्य पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी ते जड झालं, वर्षभरानं बोलवेना.

आबा गेल्यावर एकदा धीर करून काकींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. धूर तुमच्याच राबातनं उठलेला, मी अंगणातनं बघितलेला. पोर होतास. आणि आबांकडं बघून मी पण बोलले नाय." थोडा वेळ सूप पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी कलमं मी परत लावली. त्या पोराला सांगितलंस काय?"

सांगितलं नव्हतं. दोनदा धनगरवाड्यावर जाऊन आलो. घर बंद आहे, माणसं मुंबईला गेली म्हणतात. दर पौषात मी बांधापलीकडचं गवत दहा हात रुंद कापून घेतो. ते काम होतं. दुसरं अजून राहिलंय.