दिशेआधीचे प्रश्न

फ्लॅट पाहायला गेलेले कुटुंब दारात पाऊल ठेवताच मोबाइलमधले होकायंत्र उघडते. दार पूर्वेला आहे का, स्वयंपाकघर आग्नेयेला आले का, ईशान्येला संडास तर नाही ना, हे आधी पाहिले जाते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, हा प्रश्न मात्र टोकन देऊन झाल्यावर, बहुधा कर्ज मंजूर करणाऱ्या बँकेच्या वकिलाकडून पहिल्यांदा कानावर येतो. घर ही बहुतेकांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी. ती धर्माला धरून व्हावी असे वाटण्यात काहीच गैर नाही. माझे म्हणणे इतकेच की, परंपरेने घर घेणाऱ्याला जी तयारी सांगितली आहे ती आपण उलट्या क्रमाने करतो, आणि तिच्यातला अवघड भाग गाळूनच टाकतो.

क्रम ग्रंथांतच पाहावा. ‘मयमत’ हा वास्तुशास्त्राचा एक प्रमुख ग्रंथ. त्यात भूमीची परीक्षा तिसऱ्या अध्यायात येते, भूमी ताब्यात घेण्याचा विधी चौथ्यात, आणि दिशा ठरवण्याची रीत सहाव्यात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत ही परीक्षा कशी घ्यायची ते सांगितले आहे. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर ती जमीन घ्यायची नाही. दुसरी परीक्षा पाण्याची: खड्डा पाण्याने भरायचा, शंभर पावले चालून परत यायचे आणि पाणी किती आटले ते बघायचे. आश्वलायन गृह्यसूत्रातही अशीच खड्ड्याची परीक्षा आहे. म्हणजे धार्मिक विधीची सुरुवातच मुळी हात मातीत घालून होते. जमीन भार पेलेल का, पाणी कुठे जाईल, याची स्वतः खात्री करून घेणे हे गृहस्थाचे कर्तव्य मानले होते.

आठव्या मजल्यावरच्या घरासाठी कोणी खड्डा खणू शकत नाही, पण परीक्षा टळत नाही. तिची जागा आता कागदांनी घेतली आहे. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, महापालिकेचा मंजूर नकाशा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, महारेराची नोंदणी हे सगळे वाचणे म्हणजेच आजची भूमिपरीक्षा. ती झाली नाही तर काय होते ते आपण पाहिले आहे. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांच्यातल्या बहुतेकांना कागद मागण्याची ऐपतच नव्हती. दोष बांधणाऱ्यांचा आणि डोळेझाक करणाऱ्यांचा. पण वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत सुस्थितीतली माणसे राहत होती. तिथे मंजुरी पाच मजल्यांची होती, वरचे मजले बेकायदा होते, आणि घेतल्यावर तीन दशकांनी ती घरे सर्वोच्च न्यायालयात टिकली नाहीत. त्यांची दारे कोणत्या दिशेला होती, याने काही फरक पडला नाही.

याहून अवघड प्रश्न भूमी ताब्यात घेण्याचा आहे. मयमतातल्या त्या विधीत जागेवर आधीपासून वसलेल्या भूतमात्रांना विनवणी आहे, की त्यांनी दुसरीकडे आसरा घ्यावा. मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी त्यात राहणाऱ्या जीवांना बळी अर्पण करून, क्षमा मागून, मुक्काम हलवण्याची विनंती करावी असे बृहत्संहिता सांगते. वास्तुशांतीमागचा भावही हाच: खणताना, फोडताना, तोडताना जी हिंसा झाली तिची जाणीव. आपल्या घरासाठी कोणाला तरी उठावे लागले आहे, हे या परंपरेने कधी लपवले नाही. मग किडामुंगीची क्षमा मागणारा माणूस त्याच जागेवरच्या चाळकऱ्याला विसरू कसा शकतो? गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासासाठी घरे सोडली, आणि पुढे वर्षानुवर्षे ती हक्काच्या घराविना राहिली. त्या जमिनीवरचे बांधकामाचे हक्क मधल्या काळात इतरांना विकले गेले. पुनर्विकासातला फ्लॅट घेताना मूळ रहिवाशांना ताबा मिळाला का, त्यांचे भाडे थकले आहे का, हे विचारणे मला होमहवनाइतकेच धार्मिक कृत्य वाटते.

पैशाचेही तसेच. मनुस्मृतीतले पुष्कळ काही त्याज्य आहे आणि १९२७ साली महाडला ती जाळली गेली ते योग्यच झाले. पण तिच्या पाचव्या अध्यायात एक मान्य करण्याजोगे वचन आहे, की सर्व शुद्धींमध्ये पैशाच्या व्यवहारातली शुद्धी श्रेष्ठ, माती-पाण्याने येणारी नव्हे. स्थावराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. तरी ‘इतके पांढरे, इतके काळे’ हे बोलणे थांबलेले नाही, आणि त्याच घरात मग सत्यनारायण होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की दिशा पाहिल्याने मनाला समाधान मिळते, त्यात कोणाचे काय जाते? समाधानाचे मोल मलाही मान्य आहे. खुद्द वराहमिहिराने अनेक कसोट्या सांगितल्यावर म्हटले आहे, की ज्याचे मन ज्या जागेत रमते ती त्याला शुभ. पण हे समाधान स्वस्त नसते. चांगल्या बांधणीचे घर दार दक्षिणेला म्हणून सोडले जाते, आणि राहत्या घरातल्या भिंती पाडून, कधी कधी बीमला धक्का लावून, दोष काढले जातात. दुसरा आक्षेप ऊन-वाऱ्याचा: नियमांमागे विज्ञान आहे म्हणतात. असेल, तर खिडकीत दुपारी उभे राहून ऊन-वाराच पाहावा. मुंबईत संध्याकाळचा वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. सगळ्या देशाला एकच नकाशा लावून तो कळणार नाही. आणि शास्त्र जसेच्या तसे पाळावे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्यात वर्णागणिक मातीचा रंग आणि घराचे माप वेगळे आहे, ते त्यांनी का सोडले? सोडले ते उत्तमच केले. मात्र विवेकाने निवड करायची हे एकदा मान्य केले, की दिशा ठेवून सचोटी सोडण्याचे समर्थन उरत नाही.

कोणी म्हणेल, कागदपत्रे ही प्रपंचाची बाब. तुकोबांनी तर खतेच इंद्रायणीत बुडवली. परंपरा सांगते ती गोष्ट पूर्ण आठवावी. त्यांनी भाऊ कान्होबाचा निम्मा वाटा आधी त्याच्या हवाली केला आणि फक्त आपल्या वाट्याची, दुसऱ्यांकडून येणे असलेली खते बुडवली. दुसऱ्याचा हक्क त्यांनी जपला, सोडला तो स्वतःचा. व्यवहाराकडे पाठ फिरवण्याचा दाखला म्हणून ही गोष्ट देता येणार नाही.

तेव्हा घर पाहायला निघताना होकायंत्र न्यायचे असेल तर जरूर न्या. पण त्याआधी प्रकल्पाची महारेरावरची नोंद वाचा, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढा, रोखीची मागणी आली तर उठून या, आणि त्या जागेवर पूर्वी राहणाऱ्यांना एकदा तरी भेटा.