ग्रहण आणि श्रद्धावंताचे मन



७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रबीउल अव्वलचा पूर्ण चंद्र ९ वाजून ५७ मिनिटांनी पृथ्वीच्या छायेत शिरू लागला. ११ पासून १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत तो संपूर्ण छायेत होता. या अवधीत चंद्र दिसेनासा होत नाही, तो तांबूस होतो. कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाश त्याच्यापर्यंत लाल रंगच अधिक पोहोचवतो.

हे कारण ठाऊक असले तरी असे दृश्य पाहताना मन हेलावते. बोलणे थांबते, अंगावर शहारा येतो, आपण किती लहान आहोत हे जाणवते. ही भावना अल्लाहचीच देणगी आहे. प्रश्न एवढाच, की तिचे आपण काय करतो?

आमच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वस्तीत काहीजण गच्चीवर जातात, मोबाइलमध्ये छायाचित्र घेतात, स्टेटसला ठेवतात आणि झोपी जातात. काही घरांत मात्र पडदे ओढले जातात आणि गरोदर सुनेला बजावले जाते : सुरीला हात लावू नकोस, सुई-कात्री घेऊ नकोस, बाळाच्या अंगावर खूण उठेल. कलमा पढणारी घरेही याला अपवाद नाहीत. पुढे बाळात काही व्यंग निघाले, तर त्या माउलीला आयुष्यभर ऐकावे लागते की, ‘तू ग्रहण पाळले नाहीस.’ तिच्यावर होणारा हा उघड जुलूम आहे.

आता मदीनेकडे पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र हजरत इब्राहीम दोन वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. अभ्यासकांच्या गणितानुसार ती तारीख २७ जानेवारी ६३२ होती. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. शोकाकुल पित्याला याहून गोड सांत्वन कोणते असते? परंतु प्रेषितांनी (स.) ते स्वीकारले नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूमुळे वा जीवनामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले की नमाज आणि दुआ करा, अशी शिकवण त्यांनी दिली.

‘मृत्यू’ बरोबर ‘जीवन’ हा शब्दही इथे आला आहे, हे ध्यानात घ्या. ज्या ग्रहणाचा प्रेषितांच्या लाडक्या पुत्राच्या मृत्यूशी संबंध नव्हता, त्याचा तुमच्या सुनेच्या गर्भातील जिवाशी कसा असेल?

याचा अर्थ मन कोरडे ठेवावे असा नाही. ग्रहण दिसताच प्रेषित (स.) स्वतः घाबऱ्या मनाने मशिदीकडे निघाले होते. त्यांनी दीर्घ नमाज पढली, दानधर्माची आज्ञा केली. ते भय चंद्र-सूर्याचे नव्हते, त्यांच्या निर्मात्याचे होते. आकाशाकडे पाहणे ही तर त्यांची सवयच. हजरत इब्ने अब्बास (रजि.) बालवयात मावशी हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी एका रात्री राहिले होते. ते सांगतात, रात्रीच्या अखेरच्या प्रहरी प्रेषित (स.) उठून बसले, त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि सूरह आलि इमरानच्या शेवटच्या आयती पढल्या. आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीत विचारी माणसांसाठी निशाण्या आहेत, हेच त्या आयती सांगतात. त्यानंतर ते नमाजला उभे राहिले. आधी नजर, मग चिंतन, मग सजदा, हा तो क्रम.

आपल्या वस्तीत कोकणी शाफई आणि हनफी, दोन्ही कुटुंबे आहेत. चंद्रग्रहणाची नमाज शाफई मतानुसार जमाअतने, प्रत्येक रकातीत दोन रुकू करून पढतात. हनफी मतानुसार ती घरी, एकट्याने, नेहमीप्रमाणे पढतात. पद्धत वेगळी, दिशा एकच.

२ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया खुद्द मक्केवरून जाणार आहे. आपल्याकडे ते खंडग्रास असेल. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका; ग्रहणासाठी बनवलेला प्रमाणित चष्मा वापरा. चंद्रग्रहण मात्र मुलांना निर्धास्त दाखवा. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरामागून पूर्ण चंद्र वर येतो, तेव्हा घडीभर इमारतींच्या दिव्यांपासून नजर उचला. घरातील गरोदर लेकी-सुनांनाही गच्चीवर सन्मानाने घेऊन जा, आणि खाली येऊन सर्वांनी दोन रकात पढा.

अल्लाह आपल्या अंतःकरणात केवळ त्याचेच भय ठेवो आणि इतर प्रत्येक भयातून आपली सुटका करो. आमीन.