नरव्याघ्र आणि वेअरवुल्फ

इंग्रजीतील 'वेअरवुल्फ' या शब्दाची फोड केली की त्याचे परकेपण बरेचसे गळून पडते. 'वेर' म्हणजे पुरुष. संस्कृत 'वीर' त्याचा सगोत्र. 'वुल्फ'चे नाते 'वृक'शी. दोन्ही घटक आपल्याही घरचे. मग नर आणि श्वापद यांच्या जोडणीतून तिकडे भयाचा व इकडे गौरवाचा शब्द का निपजावा? अकराव्या शतकातील राजा कन्यूटच्या कायद्यात धर्मगुरूंनी ज्याच्यापासून कळप राखायचा, तो वेअरवुल्फ म्हणजे सैतान. आपला 'नरव्याघ्र' मात्र नरश्रेष्ठ; अशा समासांसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिले आहे.

हा उपमित समास आहे, तेथे कोणी खरोखर वाघ होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच माहूरकडे वळावे लागते. आज नांदेड जिल्ह्यात असलेल्या या क्षेत्री दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपात येऊन चांगदेव राऊळांच्या मस्तकी चवडा ठेवला, अशी महानुभाव परंपरेची कथा आहे. येथे उपमा नाही. ज्या पंजाने फाडावे, त्यानेच शक्तिदान होते.

माहूरच्या कथेत रूप घेतले जाते आणि घेणारा शाबूत राहतो. म्हणून कृत्य कोणाचे, हा प्रश्न उद्भवत नाही. वेअरवुल्फच्या कथांत पशू माणसाला व्यापतो आणि सकाळी रक्ताचा जाब मात्र माणसाला द्यावा लागतो. मराठीत 'रूपांतर' हा एकच शब्द दोहोंसाठी चालतो, ही अडचण किरकोळ नव्हे. काफ्काच्या ग्रेगोर साम्साने कीटकाचे 'रूप धारण केले' असे लिहिले, तर जे त्याच्यावर कोसळले त्याचा कर्ता आपण त्यालाच ठरवतो.